अठ्ठावीस की अठ्ठेचाळीस

आमच्या घरात समुद्र आला तो आईच्या माहेराहून. वडिलांकडून आम्ही चार पिढ्यांचे बडोदेकर. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, मी मकरपुऱ्यात पंप दुरुस्तीचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, दोन पोरं आणि दाराशी रांगेत पडलेले लोकांचे पंप. आम्हाला ठाऊक असलेलं पाणी म्हणजे सुरसागर आणि विश्वामित्री. एकाला भोवती कठडा, आणि दुसरीत मगरी. पोहायला जातो म्हणणारं मूल दांडिया बाजारात धपाटे खातं.

आई मात्र कोकणातल्या हर्णैची. लग्न होऊन इथं आली त्याला आता अठ्ठावन्न वर्षं होतील, तरी बाजारातून आणलेल्या पापलेटाचे कल्ले उचलून बघताना तिच्या चेहऱ्यावर जी तुच्छता येते ती अजून ताजी आहे. ‘बर्फातलं मढं’ हा तिचा शब्द.

मे महिन्यात मामाच्या धाकट्याचा फोन आला. “दादा, दोन बोटी बघितल्यात. एक हितलीच आहे, 28 फुटी, फायबरची. दुसरी वेरावळला, 48 फुटी, लाकडाची, वरून फायबर मारलेली. तू नुसतं मशीन बघ. आणि त्या शेठशी गुजरातीत बोल.”

मला वाटतं माझं गुजराती त्याला जास्त हवं होतं. पण मी फुगलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बोट बघायला कुणी बोलावत नाही. बोलावलं तर फार तर स्थळ बघायला.

मामा गेल्यावर धाकटा सात वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर होता, त्यातली शेवटची तीन तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, म्हणून. आता स्वतःची हवी होती. नवी घ्यायची तर आयुष्य गहाण टाकावं लागतं, म्हणून जुनी. छोटीला सव्वापाच लाख सांगितले होते, मोठीला तेवीस. छोटीचे पैसे त्याच्याकडे जवळजवळ होते. मोठीसाठी संस्थेचं कर्ज, बायकोचे दागिने आणि आठ लाखांचा माझा वाटा. वाट्याचं त्यानं सुचवलंच नव्हतं. मीच म्हणालो. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, “आठ लाख कुठून?” मी म्हटलं, आहेत. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली. आमच्या घरात याला नापसंती म्हणतात.

बडोद्याच्या माणसानं समुद्रात पैसे घालणं दिसतं तेवढं विचित्र नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. राजधानीत समुद्र नव्हता, पण राज्याला होता. ओखामंडळ गायकवाडांचं, कोडिनार गायकवाडांचं, खाली नवसारी-बिलिमोऱ्याची खाडी गायकवाडांची. सयाजीराव महाराजांनी तर जेम्स हॉर्नेल या समुद्री जीवांच्या जाणकाराला ओखामंडळच्या किनाऱ्यावर पाठवून तिथल्या समुद्रात काय काय जगतं याचा अहवाल करून घेतला. त्याचा पहिला भाग 1909 सालचा. म्हणजे या शहरात बसून समुद्राचा हिशेब मांडायची रीत जुनीच आहे. मी आपला ती पुढे चालवत होतो. फक्त महाराजांचा खजिना मोठा होता.

तर हिशेब. रात्री जेवणं झाल्यावर मी जॉबकार्डाच्या पाठीवर तो मांडला. 28 आणि 48, म्हणजे लांबी पावणेदोन पटही नाही. पण रुंदी-खोली त्याच प्रमाणात धरली, तर रंगवायचा पत्रा होतो तिप्पट आणि पोटातली जागा पाचपट. उलट वेग फारसा वाढत नाही. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीचा वेग लांबीच्या वर्गमुळानं वाढतो. छोटी रेटून सातेक नॉट गेली, तर मोठी नवाच्या थोडी पुढे. मला ते गणित फार आवडलं. तिप्पट रंगात पाचपट मासळी! यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला अशी गुणोत्तरं दारूसारखी चढतात. मी तिथंच मोठीच्या प्रेमात पडलो होतो. अजून बोट बघायची होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धाकटा आला. मासेमारी बंदीचे दिवस. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद, गुजरातेत तर त्याहून पुढेपर्यंत. जुनी बोट बघायला यासारखे दिवस नाहीत, कारण बोटी वर ओढलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली लपणारं सगळं उघडं पडतं. रात्रीच्या गाडीनं आम्ही वेरावळला गेलो.

वेरावळचा तो किनारा मी आधी पाहिला नव्हता. सोमनाथला दोनदा जाऊन आलो होतो, पण बंदराकडे वळलो नव्हतो. रस्त्याच्या कडेला रिक्षा उभ्या कराव्यात तशा बोटी उभ्या, लाकडाच्या टेकूंवर, एकीला खेटून एक. काही अर्ध्या बांधलेल्या, नुसत्या बरगड्या. खाली सावलीत सुतार जेवत बसलेले. वास डिझेलचा, रेझिनचा आणि कुठल्यातरी जुन्या मासळीचा. धाकटा एकदम मोकळा झाला. बडोदा स्टेशनावर बावरलेला पोरगा तो हा नव्हेच.

आमची बोट तिसऱ्या रांगेत होती. खाली उभं राहून वर बघितलं तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, माझ्या डोक्यावर दीड माणूस उंच. निळा रंग, पांढरा पट्टा, पुढे आय-एन-डी, मग जी-जे आणि नंबर. शेठ पन्नाशीचे, खारवा म्हणजे तिथल्या दर्यावर्दी जातीचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन मोबाईल. म्हणाले, “आ बोटे तो ताउते पण जोयुं छे.” तौक्ते, मे 2021. ते वादळ उना-दीवच्या बाजूला आत शिरलं, म्हणजे इथून लांब नाही. खरं असेलही. जुनी वस्तू विकणारा प्रत्येक माणूस तिला एका मोठ्या संकटातून काढून दाखवतो. माझ्याकडे सेकंडहँड पंप विकायला येणारे भुजच्या भूकंपाची गोष्ट सांगतात.

मी आधी मशीन पाहिलं, तेवढंच मला येतं म्हणून. सहा सिलिंडर. डिपस्टिक काढली, तेल काळं पण स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. बोट कोरड्यात असल्यामुळे इंजिन फार तर दोन मिनिटं चालवता येतं, कारण ते थंड करणाऱ्या नळ्या बुडाखाली पाण्यात असाव्या लागतात. त्या दोन मिनिटांत मी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीच्या, तोंडाशी हात धरला. धूर कमी, दाब बेताचा. पोटात जीव होता मशीनच्या. मग मागे सरपटत जाऊन शाफ्टचं ग्लँड बघितलं, म्हणजे शाफ्ट बाहेर पडतो तिथं पाणी अडवणारी जागा. हे माझं घरचं काम. पंपाचं ग्लँड आणि बोटीचं ग्लँड यांत फरक एवढाच की पंपाचं फार गळलं तर जमीन ओली होते. त्यात पाणी अडवायला भरतात ती दोरी नुकती बदललेली होती, पण नट इतका आवळलेला की शाफ्ट भाजला असता. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, त्या थेंबानंच ते थंड राहतं. बोट दाखवायच्या आधी कुणीतरी गळती बंद करून ठेवली होती. गिऱ्हाइकाला कोरडं ग्लँड आवडतं. मी शेठना तसं म्हटलं, तर हसले. “तमे तो कारीगर निकळ्या.”

इथवर मी खूश होतो. मग धाकट्यानं पिशवीतून लाकडाची मोगरी काढली.

तो नाळेपासून सुरू झाला. दर वीतभर अंतरावर एक ठोका. टण, टण, टण. लाकूड जिवंत असलं आणि फायबरचं अस्तर त्याला चिकटलेलं असलं की आवाज असा येतो. तो काही बोलत नव्हता, कान लावून चालत होता. मागच्या बाजूला, डेकच्या हातभर खाली, आवाज बदलला. बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द. त्यानं खडूनं गोल केला. पुढे पाच-सहा फुटांवर आणखी एक गोल. मग डेकवर चढून त्याच जागेच्या वर बसला, एक फट शोधली आणि तिच्यात टोच्या घातला. टोच्या लोण्यात जावा तसा गेला. बाहेर काढला तर टोकाला काळपट, ओला भुसा.

“खारं पाणी लाकडाला मारत नाय, दादा,” तो म्हणाला. “पावसाचं मारतं. वरनं झिरपतं, फायबर नि फळीच्या मधी बसतं. बाहेर यायला वाट नाय.”

मी इतकी वर्षं गंज बघतोय. गंज निदान दिसतो, लाल होतो, पपडी धरतो. वरून चकचकीत निळ्या रंगाखाली, आपल्याच चिलखताच्या आत कुजणारं लाकूड मी पहिल्यांदा पाहिलं. शेठही वाकून बघत होते, आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की त्यांनाही हे माहीत नसावं. त्यांनी तिथल्या तिथे दीड लाख कमी केले.

दीड लाखात तेवढ्या फळ्या बदलून होतात, असं मीच रात्री लॉजवर धाकट्याला पटवत होतो. मशीन उत्तम आहे, बाकीचं शरीर ठणठणीत आहे, आणखी एक लाख पाडू. तो पंख्याकडे बघत पडून होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “आठ माणसं लागतील.”

मग त्यानं त्याचा हिशेब सांगितला. त्याला कागद लागला नाही. मोठी बोट सकाळी जाऊन संध्याकाळी येत नाही, आठ-दहा दिवस बाहेर राहते. फेरीला दोन हजार लिटरच्या आसपास डिझेल. डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे पैसे येतात तेव्हा येतात, पंपवाला आज मागतो. बर्फ, रेशन, गोडं पाणी वेगळं. आणि आठ खलाशी. हर्णैत आता गावचे खलाशी मिळत नाहीत, नेपाळची पोरं येतात, इतर राज्यांतली येतात. हंगामाआधी प्रत्येकाला उचल द्यायची. त्यातला एखादा उचल घेऊन गणपतीनंतर दुसऱ्याच बंदरात दिसतो, मग भांडण, मग नवा माणूस, नवी उचल. शिवाय गुजरातेतून ना-हरकत दाखला, तिथला नंबर रद्द, आपल्याकडे नवी नोंदणी, नवा परवाना. तोवर निम्मा हंगाम गेला. आणि मासळी नाही लागली तरी मोठी बोट बांधून ठेवता येत नाही. हप्ता असतो. म्हणून वाऱ्याचा अंदाज असला तरी जायचं.

“छोटीला?”

“मी नि दोन माणसं. पंचवीस-तीस लिटर. वारा असला तर नाय जायचं, झोपायचं.”

मी म्हटलं, पण मासळी? तो म्हणाला, मासळी कमीच. बोलण्यात तक्रार नव्हती, जाहिरातही नव्हती. मग तो कुशीवर वळून झोपला. मी जागा. बाहेर ट्रक जात होते.

दहा दिवसांनी मी हर्णैला गेलो, छोटी बघायला. पाऊस लागला होता. सुवर्णदुर्ग मधूनच दिसायचा, मधूनच पुसला जायचा. ज्या वाळूवर एरवी लिलाव चालतो, टोपल्या, ओरडा, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, ती मोकळी पडली होती. दोन कुत्री तेवढी होती.

बोट माडांखाली प्लॅस्टिकनं झाकलेली. मालक सत्तरीचे, मामाच्या बरोबरीचे. मुलगा मुंबईला नोकरीत, गुडघे गेलेले. त्यांनी काही सांगितलंच नाही, ना वादळाची गोष्ट ना मशीनचं कौतुक. प्लॅस्टिक ओढून बाजूला केलं आणि पडवीत जाऊन बसले. बोट धुतलीसुद्धा नव्हती. तळाशी माडाच्या झावळीचे तुकडे, एक फुटका तरंगता गोळा, वाळलेले खवले. उजव्या कडेवर एका ठिकाणी जाळ्याच्या दोरानं खाच पाडली होती, माझ्या करंगळीएवढी खोल, आतून काचेसारखी गुळगुळीत. किती हजार वेळा दोर तिथून गेला असेल! मी तिच्यात बोट फिरवून बघितलं. धाकटा म्हणाला, “काका डाव्या हातानं ओढायचे.” मी पुढे काही विचारलं नाही.

फायबरला बारीक भेगा होत्या, कोळिष्टकासारख्या, पण वरच्या थरापुरत्या. मशीन दोन सिलिंडरचं. ड्रममध्ये पाणी भरून नळी लावली आणि चालू केलं. धडधडलं, जरा खोकलं, मग लागलं. पण दुसऱ्या सिलिंडरचा ठोका मला पटला नाही. कडक वाजत होता आणि धुरात काळी झाक. डिझेल फवारणारा इंजेक्टर टपकतोय, मी म्हणालो. बदलून घे, मोठा खर्च नाही. धाकट्यानं मान हलवली, जशी आपण डॉक्टरपुढे हलवतो तशी.

संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवर आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलो. त्यालाच मला काहीतरी दाखवायचं होतं. हर्णैला मोठ्या बोटी उघड्या समुद्रात नांगरून असतात, मासळी छोट्या होड्यांनी वाळूवर आणायची. वारं सुटलं की सगळ्यांची धाव या खाडीत. आणि खाडीच्या तोंडाशी गाळ. उधाणाची भरती असेल तर मोठी बोटही आत येते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरतीलाही पाणी पुरतं चढत नाही. तेव्हा छोटी शिरते आणि मोठी बाहेर उभी राहते.

“बाबा तिथं उभे होते,” त्यानं हात करून दाखवलं. पावसात नुसता पांढरा फेस दिसत होता. “फयानला.”

फयान वादळ, 11 नोव्हेंबर 2009. मला गोष्ट माहीत होती, पण फोनवरून कळते तेवढीच. तो तेव्हा शाळेत होता. भांगाचे दिवस होते. मामाची बोट 42 फुटी, चार सिलिंडरची, गावात नाव असलेली. छोट्या होड्या एकेक करून आत आल्या, लोक काठावरून नावं मोजत होते. मामाला पाणी पुरेना. तो तोंडाशी लाटांत बोट धरून उभा राहिला, दोन तासांहून जास्त. शेवटी एका लाटेवर बोट आत घातली. बूड वाळूवर आपटलं, सुकाणू तुटलं, पण माणसं सगळी आली. त्यानंतर मामा समुद्रावर गेला नाही असं नाही, गेला. पण ती बोट विकली.

परतीच्या प्रवासात मला माझ्या आठ लाखांची लाज वाटायला लागली. पैशांची नाही, त्या जॉबकार्डाच्या हिशेबाची. त्यात पाचपट पोट होतं, तिप्पट रंग होता. आठ माणसं नव्हती, भांग नव्हता. मोठी बोट धाकट्याला नको होती, ती मला हवी होती. मकरपुऱ्यात पंपाचे नट काढताना, माझी एक 48 फुटी बोट आत्ता समुद्रात आहे, हे मनात म्हणण्यासाठी. मोठी बोट किनाऱ्यावर बसणाऱ्याला आवडते. ती घेतली असती तर धाकटाही किनाऱ्यावरच बसला असता, तांडेल ठेवून, खलाशांच्या उचलीची वही घेऊन. त्याला नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, म्हणाले असते. त्याच्या आईला ते आवडलंही असतं, हे खोटं कशाला बोलू. आणि वाईटही काय त्यात? चार घरं चालली असती. वेरावळच्या त्या शेठना मी आजही चुकीचं म्हणणार नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कुजक्या फळ्या, ग्लँड, खाडी. तिनं एकच विचारलं, “ती छोटी वाळूवर ओढायला किती जण लागतात?” मी म्हटलं, ओंडके खाली घातले तर सहा-सात. “शेजारचे धरून?” हो. “मग झालं,” म्हणाली आणि आत गेली.

धाकट्यानं छोटी घेतली. पावणेपाचला तुटलं. मी माझ्या आठातले दीड लाख जाळ्यांसाठी उसने दिले, वाटा म्हणून नाही. त्यानं कागद करू म्हटलं, मी नको म्हटलं, मग त्यानंच वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला. वेरावळची बोट महिन्याभरात गेली, असं शेठनी मला फोन करून सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कारागीर म्हणाले होते, त्यामुळे असेल. कुणाला गेली ते मी विचारलं, आणि ठेवताना लक्षात आलं की मला थोडं दुखलं होतं. तो निळा रंग आणि डोक्यावर आलेली ती नाळ अजून कधीतरी झोपेत दिसते.

नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या पहाटे फोन वाजला. साडेपाच. आई आधी उठून बसलेली. म्हातारी माणसं पहाटेच्या फोनला घाबरतात, पण तिनं हातच पुढे केला. मी स्पीकर लावला. धाकटा ओरडून काहीतरी सांगत होता, बांगडा म्हणाला बहुतेक, वाऱ्यात अर्धे शब्द उडाले. मागे मशीन चालू होतं.

“दोन टोपल्या म्हणाला का तीन?” आई.

मी तिला हातानं थांबवलं. पहिला ठोका सरळ पडत होता. दुसरा कडक.

“इंजेक्टर बदलला नाहीस तू,” मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर नुसतं मशीन.

“दादा, रेंज जातेय,” तो म्हणाला.